ट्रेच्या कोपऱ्यातला खड्डा

चिमटीभर पावडर उचलायची, जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, डोळे मिटून जीभ टाळूला घासायची आणि म्हणायचं, “झाली. जिभेला कळतं.” आमच्या सरांची मालतपासणी एवढीच. कंपनीत यंत्रं होती, काचेची भांडी होती, मी होते. पण सरांचा भरवसा जिभेवर.

ही पावडर म्हणजे काही पिठीसाखर नव्हे. दात काढला की जबड्याच्या हाडात खड्डा राहतो. तो भरायला दातांचे डॉक्टर रव्यासारखी एक पांढरी, कणीदार पावडर वापरतात. कॅल्शियम फॉस्फेटची. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या कंपनीचे दोन गाळे आहेत. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात, शेजारी फरसाण पॅक होतं आणि मधे आम्ही माणसाच्या हाडात जाणारी वस्तू बनवतो. भट्टीतून निघालेली, चाळलेली पावडर स्टीलच्या ट्रेमध्ये सपाट पसरून ठेवलेली असायची. सकाळी मी ट्रेवरचं झाकण उचललं की कोपऱ्यात बोटांचा खड्डा दिसे. समजायचं, सर आले.

मी एकदा तोंडावर सांगितलं की सर, हे लोकांच्या तोंडात जाणार आहे, त्यात बोटं घालू नका. ते म्हणाले, “आधी माझ्या तोंडात जातं, म्हणूनच तर.” वर हेही ऐकवलं की पुढे सगळा माल निर्जंतुक करायला बाहेर जातोच, मग एवढा कसला सोवळेपणा. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. चूक दाखवली की ती त्यांच्याकडे तत्त्व होऊन बसते.

सर मालकांचे मेहुणे. मालकीणबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. त्यांच्या खुर्चीचं दुसरं कुठलंही कारण मला सापडलं नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही.

मुलाखतीला ते मालकांच्या शेजारी बसले होते. मालकांनी विचारलं, घरी कोण कोण शिकलेलं आहे? मी सरळ सांगितलं, आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. घाटकोपरला डोंगरावर आमचं घर, बाबा वाकोल्याला गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतात, आणि मी केमिस्ट्रीत एम.एस्सी., पहिला वर्ग. हे मी अभिमानाने सांगते, आजही सांगते. सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “अरे वा. पदवीधर.” त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं. काय पदवीधर, चहा घेतला का. पदवीधर, भट्टी बघ गो जरा. नाव घेऊन हाक मारलेली मला आठवत नाही.

गंमत म्हणजे सर स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव. मूळ मालवणकडचे. वडिलांनी गिरणीत घाम गाळून यांना बी.एस्सी. केलं, तेही तिसऱ्या खेपेला झाले. म्हणजे हेसुद्धा घरातले पहिलेच. म्हणून तर मला जास्त राग यायचा. ज्यांच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत त्यांनी अर्धवट राहावं, त्यांना सांभाळायला मागे माणसं असतात. आपल्याला अर्धवट राहणं परवडत नाही. यांना परवडलं, कारण बहीण चांगल्या घरी पडली.

अर्धवटपणाचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “पुढचं मला माहीत आहे.” समोरच्याचं वाक्य निम्म्यावर आलं की हात वर करून ते हे वाक्य टाकायचे. सप्लायर असो, फायर ब्रिगेडचा माणूस असो, घरून आलेला फोन असो. पॅकिंगमधल्या शोभाताई म्हणायच्या, “सरांना सत्यनारायणाची कथा सांगायला ठेवा. प्रसाद पहिल्या अध्यायातच मिळेल.”

एकदा कंपनीची सहल मढला काढायची ठरली. तिथला एक बंगला सरांनी फोनवर ठरवला. आदल्या दिवशी बंगल्याच्या माणसाचा फोन आला. उद्या शूटिंग आहे, तुम्ही त्याऐवजी... एवढं ऐकून सर म्हणाले, पुढचं माहीत आहे, आणि फोन ठेवला. आम्ही पोचलो तर बंगल्यात मांडव, झेंडूच्या माळा, दिव्यांचे खांब, आणि सिरीयलमधल्या कुणाचं तरी लग्न. एका पोरसवदा माणसाने आम्हाला बघून विचारलं, गर्दीवाले ना, मग इतका उशीर? आणि खुर्च्यांवर बसवलं. दुपारपर्यंत आम्ही खोट्या लग्नातले वऱ्हाडी होतो. चार वेळा अक्षता टाकल्या. सर पहिल्या रांगेत. जेवण मिळालं तेव्हा भात चाखून म्हणाले, “मीठ कमी. जिभेला कळतं.” परतताना गाडीत सगळ्यांना सांगत होते की हा सरप्राइज प्रोग्राम त्यांनीच ठरवला होता.

इथवर हसण्यावारी जातं. पुढचं जात नाही.

आमच्या पावडरचं काम काय, ते बाबांना समजावताना मला जे सुचलं तेच तुम्हाला सांगते. गाडीचा पत्रा चेपला की बाबा खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात, वर रंग मारतात. पुट्टी जन्मभर पुट्टीच राहते. तिचा पत्रा होत नाही. आमची पावडर ही अशी पुट्टी, जी हळूहळू विरघळते, जागा सोडते, आणि सोडलेल्या जागेत शरीर स्वतःचं हाड उगवतं. बाबा म्हणाले, “मग सगळा खेळ विरघळण्याचाच की.” अगदी बरोबर. फार लवकर विरघळली तर हाड यायच्या आत खड्डा रिकामा. फार सावकाश विरघळली तर हाडाच्या जागी नुसती खडी. गॅरेजमधल्या माणसाला हे एका वाक्यात समजलं.

आमची पावडर जरा सावकाश विरघळते, अशी तक्रार काही डॉक्टरांनी मालकांकडे केली. त्यांना खड्ड्यात नवा दात बसवण्यासाठी स्क्रू घालायचा असतो, हाड तयार होईपर्यंत पेशंट कंटाळतो. मालकांनी मीटिंग घेतली. मी म्हटलं, दाण्याला छिद्रं जास्त ठेवून बघू, म्हणजे आत पाणी जास्त शिरेल आणि... सरांनी हात वर केला. पुढचं त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडे त्याहून भारी कल्पना होती. मॅग्नेशियम.

कुठल्याशा संशोधनाचं पहिलं पान त्यांनी फोनवर वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की कॅल्शियम फॉस्फेटमध्ये थोडं मॅग्नेशियम मिसळलं की ते जास्त विरघळतं. सरांनी फोन मालकांसमोर धरला. मालक खूश. मेहुण्याने पहिल्यांदाच काही वाचलं होतं.

ते संशोधन मी घरी जाऊन पूर्ण वाचलं. पहिलं पान खरंच होतं. पण ते एका जातीच्या कॅल्शियम फॉस्फेटबद्दल होतं, जे आपल्या हाडात असतं त्या जातीचं. त्यात मॅग्नेशियम घातलं की स्फटिकाची रचना विस्कटते आणि ते जास्त विरघळतं. आमची पावडर भट्टीत तापून दुसऱ्या जातीची होते. तिच्याबद्दल पुढच्या पानांवर नेमकं उलट लिहिलं होतं. हिच्यात मॅग्नेशियम घातलं तर ती जास्त घट्ट होते आणि कमी विरघळते. दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर ती पानं ठेवली. त्यांनी हात वर केला.

माल तयार झाला. सरांनी चाखला. “झकास. लगेच विरघळली तोंडात.” आता ज्याला केमिस्ट्रीचा गंध नाही त्यालाही कळेल की अकराशे डिग्रीला भाजलेली वस्तू जिभेवर विरघळत नसते. ती थुंकीबरोबर घशात जाते.

मी माझ्या पद्धतीने तपासलं. अंगाच्या तापमानाचं किंचित आंबट पाणी, त्यात एका बाटलीत जुनी पावडर, दुसरीत मॅग्नेशियमची. पाण्यात किती कॅल्शियम उतरलं ते रोज मोजलं. मॅग्नेशियमची बाटली सतत मागे राहिली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माल पास करायच्या कागदावर तपासणाऱ्याची सही लागते, म्हणजे माझी. मी सांगितलं, सही करणार नाही.

सर केबिनमधून बाहेर आले. पॅकिंगच्या सगळ्या बायका ऐकत होत्या. ते म्हणाले, काच आणि हाड यात फरक असतो, पदवीधर, काचेला जीव नसतो. मी म्हटलं, जिभेला असतो, पण तिला केमिस्ट्री येत नाही. शोभाताईंच्या हातातली बाटली पडता पडता राहिली.

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना मालवणी फुटली. “गप रव गो. चार बुकां वाचलंस म्हणान...” आणि मग वाक्य अर्धवट सोडून ते आत गेले. दुसऱ्यांची वाक्यं तोडणाऱ्याने स्वतःचं वाक्य तोडलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

मला वाटलं, आता मालकांकडून फोन येणार आणि मला दुसरी नोकरी शोधावी लागणार. मी तयार होते. सही करणार नव्हते, कारण उद्या कुणाच्या तरी जबड्यात खडी राहिली तर खाली माझं नाव असणार होतं. आमच्या घरात सही करायला शिकलेली मी पहिली, आई अजून अंगठा उठवते. ती सही मी अशी फुकट घालवणार नव्हते.

फोन आला नाही. चार दिवस सर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते उजवा गाल सुजवून. तोंडात कापूस असल्यासारखे बोलत होते. त्यांची खालची एक दाढ बरीच वर्षं किडलेली होती, ती त्यांनी वाकोल्याच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून काढून घेतली. डॉक्टर त्यांचे शाळासोबती. आणि त्या खड्ड्यात काय भरून घेतलं असेल, तर आपल्याच हाताने नेलेली मॅग्नेशियमची पावडर.

“आता बघ,” ते मला म्हणाले. “तुझी सही नको. माझा एक्स-रे पुरे.”

आता तुम्ही म्हणाल, काय हिंमत. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, हा किती मूर्ख माणूस आहे. कागद वाचायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास वाचवण्यासाठी यांनी जबडा दिला. आणि त्या शाळासोबत्याचंही मला नवल वाटलं. मित्र म्हणाला, घाल, आणि याने घातली. अर्धवट माणसांना मित्रही तसेच मिळतात.

पण एक गोष्ट झाली. मालकांनी तो माल बाजारात पाठवायचा थांबवला. मेहुण्याच्या तोंडाचा निकाल लागेपर्यंत त्या पावडरचा ड्रम कोपऱ्यात ठेवायचं ठरलं. म्हणजे माझी नोकरी, माझी सही आणि मॅग्नेशियमचा तो ड्रम, सगळं सरांच्या उजव्या जबड्यात जाऊन बसलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सुरुवातीला शोभाताई त्यांच्यासाठी घरून पेज आणायच्या. सर ती डाव्या बाजूने प्यायचे. नंतर जेवू लागले तेही डाव्या बाजूने. बोलता बोलता त्यांची जीभ त्या जागेवर जायची आणि गाल आतून फुगायचा. दर थोड्या दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे आणि खिडकीकडे बघत विचारायचे, “तुझ्या बाटल्या काय म्हणतात?” मी आकडा सांगायला लागले की अर्ध्यावर म्हणायचे, पुढचं माहीत आहे. मग जीभ जबड्यावर फिरवायचे. “इथे बारीक होतंय. जिभेला कळतं.”

मी म्हणायचे, वर हिरडी आलीय, सर. खालचं जिभेला कसं कळणार? ते हसायचे. मला ते हसणं अजिबात आवडायचं नाही.

खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की ती पावडर तशीच राहावी. माणसाचं वाईट व्हावं म्हणून नाही. माझं गणित बरोबर होतं म्हणून.

सहा महिन्यांनी एक्स-रे निघाला. सरांनी तो खिडकीच्या काचेवर टेपने चिकटवला. मालकांना बोलावलं, सगळ्या स्टाफला पेढे वाटले. जबड्याच्या करड्या हाडात जिथे दाढ होती तिथे पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांचा दाट गठ्ठा दिसत होता. सर बोट ठेवून म्हणाले, “बघा. आजूबाजूच्या हाडापेक्षा पांढरं. इतकं घट्ट हाड सहा महिन्यांत. हे मॅग्नेशियम.”

मालकांनी चष्मा सारखा केला. बराच वेळ बघितलं. मग मेहुण्याकडे नाही, माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा. हे काय दिसतंय?”

खाली पुठ्ठा कापायचं मशीन तेवढ्यात थांबलं होतं. शोभाताईंच्या हातात अर्धा पेढा.

मी म्हटलं, “हाड नाही. पुट्टी आहे. आपण घातले ते दाणे जसेच्या तसे आहेत. हाड आलं असतं तर ते आजूबाजूसारखं करडं दिसलं असतं. जेवढं पांढरं, तेवढं न विरघळलेलं.”

मालकांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, वाकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावा. मालकांनी तिथेच लावला, स्पीकरवर. शाळासोबती आधी चाचरला. मग म्हणाला की हो, दाणे अजून आहेत, मी याला आठवड्यापूर्वीच सांगायला लागलो होतो, पण तो म्हणाला, पुढचं माहीत आहे.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, तरी नाही.

मालक मात्र मालकच. एक्स-रे काढून ठेवता ठेवता त्यांनी मला हळूच विचारलं की मग हीच पावडर सावकाश विरघळणारी म्हणून वेगळ्या नावाने विकता येईल का. मी म्हटलं, आधी नीट तपासू, मग नाव ठेवू. त्या घराण्यात एकूण घाई फार.

सरांना कुणी काढलं नाही. मेहुण्याला काढायचं म्हणजे रात्री घरी जेवण मिळायचं नाही. त्यांना सल्लागार केलं. म्हणजे केबिन गेली, खुर्ची राहिली. ती पॅकिंगच्या दाराशी ठेवली. कुणी त्यांचा सल्ला घेतला नाही. ते यायचे, पेपर वाचायचे, पहिलं पान वाचून खाली ठेवायचे. मग एक दिवस शोभाताईंना म्हणाले की गावी जातोय, घराचं छप्पर करायचं आहे. छप्पर झालं की येतो, असं म्हणाले नाहीत.

त्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी बाटल्या धूत होते. सर खिडकीशी येऊन उभे राहिले. नेहमीसारखे बाहेर बघत. खाली फरसाणाचा टेम्पो भरत होते.

त्यांनी विचारलं, “ते मॅग्नेशियमचं काय होतं गो?”

मी म्हटलं, चपलेचं उदाहरण घ्या. एका जातीत कॅल्शियमची जागा म्हणजे मोठ्या मापाची चप्पल. त्यात मॅग्नेशियमचा लहान पाय घातला की चप्पल सैल पडते, चालताना निघते. म्हणून ती जात जास्त विरघळते. तुम्ही वाचलंत ते एवढं.

आणि मी थांबले. सवयीने. त्यांचा हात आता वर येणार म्हणून.

हात आला नाही. ते माझ्याकडे वळले. उजवा गाल आतून किंचित फुगला आणि बसला. म्हणाले, “बोल ना. पुढचं सांग.”

तेव्हा मी सांगितलं. आपल्या पावडरमध्ये काही जागा मुळातच लहान मापाच्या आहेत. तिथे कॅल्शियमचा मोठा पाय कसाबसा कोंबलेला असतो, बोटं दुमडून. मॅग्नेशियम तिथे बरोबर बसतं. ते बसलं की सगळी रचना आवळून घट्ट होते, पाण्याला सहज सुटत नाही. चूक मॅग्नेशियमची नव्हती. चप्पल दुसरी होती.

त्यांनी सगळं ऐकलं. मधे एक शब्द बोलले नाहीत. एखाद्या हुशार मुलासारखं ऐकत होते, आणि माझ्या मनात आलं की हा माणूस तिसऱ्या खेपेला का होईना, पास झाला होता. कधीतरी असाच पुढच्या बाकावर बसला असेल. वडील पहिल्या पाळीला गेले असतील आणि हा कुणाचं तरी बोलणं शेवटपर्यंत ऐकत असेल. मग कधी बंद केलं यांनी ऐकणं? बंद करायची गरजच काय होती?

“मग हे?” त्यांनी गालावर बोट ठेवलं. “राहणार असंच?”

मी म्हटलं, कमी विरघळतं म्हणजे विरघळतच नाही असं नाही. जाईल. सावकाश जाईल. किती वर्षं लागतील, ते मला माहीत नाही. डॉक्टर उघडून साफ करून देतील, तेही करता येतं.

“नको,” ते म्हणाले. “जातंय ना? जाऊ दे त्याच्या गतीने.”

मग त्यांनी विचारलं, “त्या ड्रममधली बाहेर गेली नाही ना कुणाला?”

मी म्हटलं, नाही. माझी सही नाही त्यावर.

“बरं झालं,” ते म्हणाले. एवढंच.

जाताना ट्रेपाशी थांबले. जुन्या पद्धतीची, मॅग्नेशियम नसलेली पावडर होती. झाकण सरकवलं, कोपऱ्यातून चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, ट्रे दुसऱ्या दिवशी पॅक व्हायचा होता. “झाली,” ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले. त्या संध्याकाळी सगळा ट्रे मी पुन्हा चाळून घेतला. उगाच कुणाला वाटायला नको की मी विरघळले.

दसऱ्याला मालकीणबाई मशीनच्या पूजेला येतात. गेल्या दसऱ्याला भट्टीला हार घालता घालता त्या भावाची तक्रार करत होत्या. गावी अंगणात बसून असतो, एका बाजूने चावतो. इथे एकदा येऊन एक्स-रे काढून जा, किती विरघळलं ते तरी कळेल, म्हणून त्या सारख्या फोन करतात.

मी विचारलं, “मग काय म्हणतात?”

“काय म्हणणार? नेहमीचंच. पुढचं मला माहीत आहे.”

शोभाताई हसल्या. मालकीणबाईही हसल्या. मी हसले नाही. उभ्या आयुष्यात हे वाक्य तो माणूस या एकदाच खरं बोलत होता, आणि तेही पुढचं मी सांगितलं होतं म्हणून.

मी आता त्यांच्या केबिनमध्ये बसते. ट्रेला कुलूपबंद काचेचं कपाट केलंय, आत हात घालायचा तर हातमोजे लागतात. सकाळी आल्यावर मी पहिल्यांदा तो कोपरा बघते. पावडर सपाट असते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पहिल्या दिवसापासून तशीच असायला हवी होती.